हळू धावतोय आणि घड्याळ म्हणतं १६८: हार्ट रेटचा आकडा चुकतो तेव्हा काय तपासायचं

आधी लक्षणं. "घड्याळ बिघडलंय" एवढ्यावर काहीच कळत नाही. आकडा नेमका कसा चुकतोय, यावरूनच पुढचा रस्ता ठरतो.

- आरामात जॉगिंग चालू आहे, शेजारच्याशी गप्पा मारता येतायत, तरी आकडा १६५ ते १७५ च्या मधे जाऊन चिकटतो. थांबलं की चार-पाच सेकंदांत धाडकन खाली येतो.
- याच्या उलट: चढावर दम लागलाय, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि घड्याळ ९५ दाखवतंय.
- ठोके मोजायला छातीवर बांधतात तो पट्टा पहिली पाच-दहा मिनिटं २१०, शून्य, १८५ अशा उड्या मारतो. घाम आला की सरळ चालतो.
- आकडा चुकीचा नसतो, पण मधेच गायब होतो. नंतर ग्राफ बघावा तर जागोजागी तुटलेला.
- धावताना ठीक, पण वजनं उचलताना किंवा सायकलचं हँडल घट्ट धरलं की वेडंवाकडं.
- रात्री जागे पडून होतो तो वेळही झोपेत धरलेला. गाढ झोप जवळजवळ शून्य. नाहीतर पहाटे रक्तातला ऑक्सिजन एकदम घसरलेला, आणि सकाळी माणूस ठणठणीत.
- ठोके पटण्यासारखे असतात, पण घड्याळ सतत "लाल झोन", म्हणजे जोर अति होतोय, असं बजावत राहतं.

आमच्या धावण्याच्या गटात ही घड्याळं आणि पट्टे गेली बारा वर्षं माझ्याकडे येतात. पुढचा क्रम अनुभवातून ठरलाय: फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर. पहिली पायरी मात्र कुणीही गाळू नये, आणि ती का, तेही सांगतो.

पहिली पायरी: दोन बोटं आणि सेकंदकाटा

यंत्राला हात लावण्याआधी स्वतःची नाडी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी मधे येते. बसल्या जागी पूर्ण ६० सेकंद मोजा. धावताना शंका आली तर थांबा आणि लगेच १५ सेकंद मोजून चारने गुणा. उशीर केलात तर ठोके उतरलेले असतात आणि तुलना फसते. ज्या ठोक्याला वेळ सुरू केलीत तो "शून्य" धरा, पुढचा "एक". तो पहिला ठोका "एक" धरला तर १५ सेकंदांच्या मोजणीत चार ठोके उगाच वाढतात.

मनगटावर नाडी सापडत नसेल तर मानेवर चालेल, पण एकाच बाजूला आणि हलकेच. तिथल्या धमनीवर जोराने दाबलं तर ठोके आपोआप मंदावतात, काहींना चक्कर येते. दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबू नका.

आता ताळा बघा. हाताची मोजणी आणि घड्याळ यांच्यात पाच-सहा ठोक्यांचा फरक असेल तर घड्याळ ठीक आहे. घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं, थोडा फरक राहणारच. फरक वीस-तीसचा असेल तर यंत्राकडे वळा. पण विचित्र आकडा आणि हाताची मोजणी जुळली, तर यंत्र खरं बोलतंय. तिथे सेल बदलणं थांबवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

हे मी ठळक लिहितोय त्याला कारण आहे. गटातले एक काका, पन्नाशी पार केलेले. हळू धावताना छातीच्या पट्ट्यावर त्यांचा आकडा अचानक १९० च्या वर जायचा, काही मिनिटं राहायचा आणि तसाच अचानक १३० वर यायचा. मी सेल बदलला. मग पट्टा बदलला. मग माझा स्वतःचा पट्टा दिला. तीन आठवडे यात गेले. एका सकाळी ते माझ्या शेजारीच धावत असताना आकडा १९२ झाला. मी त्यांना थांबवून मनगट धरलं, तर बोटांखाली ठोके इतके भराभर पळत होते की मला मोजताच येईनात. तपासणीत निघालं की हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी, एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी ती जलद लय होती. उपचार झाले, काका आता बरे आहेत. पण ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही घड्याळ घेऊन आलं की मी आधी हात पुढे करायला सांगतो.

दुसरी पायरी: पावलं मोजा

१६५-१७५ ला चिकटणारा आकडा हा मनगटी घड्याळांचा सगळ्यात नेहमीचा दोष. शोधायला अर्धा मिनिट पुरतो. धावता धावता फक्त उजवं पाऊल किती वेळा टेकतं ते ३० सेकंद मोजा आणि चारने गुणा. परवाच एकीचं मोजलं: ४२ वेळा. बेचाळीस चोक १६८. तिच्या घड्याळावर त्या क्षणी १६८ च होते. घड्याळ तिचं हृदय मोजतच नव्हतं, तिची पावलं मोजत होतं.

असं का होतं ते समजलं की पुढचे सगळे उपाय आपसूक सुचतात. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखाली रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि ही चढउतार सेन्सर मोजतो. रक्ताचा ओघ असा उजेडाने मोजायची रीत आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकातच दाखवली होती. अडचण ही की ठोक्यामुळे होणारा बदल परत येणाऱ्या एकूण प्रकाशाच्या मानाने अगदी चिमूटभर असतो. पाऊल आपटलं की मनगटातलं मांस आणि शिरांतलं रक्त त्याहून कितीतरी जास्त हलतं. घड्याळात हालचाल ओळखणारा सेन्सरही असतो, त्याच्या आधाराने पावलांचा गोंधळ वजा केला जातो. पण सिग्नल कमजोर असला, किंवा ठोके आणि पावलं यांची लय जवळजवळ आली, की हिशेब चुकतो आणि घड्याळ पावलांचीच लय धरून बसतं.

खात्री करायची तर अर्धा मिनिट चाला. पाच सेकंदांत आकडा चाळीसने पडला तर तो ठोक्यांचा नव्हता. काकांसारखी लय सोडली तर हृदय इतकं झटकन उतरत नाही. मग घड्याळ कोपराकडे थोडं वर सरकवा, त्याचा पट्टा एक खाच आवळा आणि पुन्हा धावा. बऱ्याचदा तेवढ्याने लय सुटते.

तिसरी पायरी: घड्याळ कुठे आणि कसं बसलंय

करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं, त्याच्यावर घड्याळ नको. तिथून कोपराकडे एक बोट वर, धावताना दोन बोटं वर. हाडावर बसलेलं घड्याळ डगमगतं आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. अंधाऱ्या खोलीत बघा: कडेने हिरवा प्रकाश सांडताना दिसला तर तिथे फट आहे.

घट्टपणा किती? घड्याळ बोटाने हलवलं तर त्याबरोबर त्वचा हलली पाहिजे, घड्याळ त्वचेवरून घसरता कामा नये. पण मुंग्या येतील इतकंही आवळू नका, दाबाने रक्ताचा ओघच अडतो. धावून झालं की सैल करा.

मागची काच ओल्या कापडाने पुसा. वाळलेला घाम, सनस्क्रीन, क्रीम यांचा थर डोळ्यांना दिसत नाही, सेन्सरला दिसतो.

थंडी हे कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही. हात गार पडले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मोजण्यासारखं रक्तच उरत नाही. दम लागलेला असताना ९५ दाखवणारी घड्याळं मी सर्वांत जास्त थंडीतच पाहिलीत. दहा मिनिटं वॉर्म-अप करा, घड्याळ बाहीच्या आत ठेवा, आणि सुरुवातीच्या मिनिटांचा आकडा विचारात घेऊ नका.

टॅटू असेल तर शाई प्रकाश अडवते. त्यावर इलाज नाही, दुसरा हात वापरा. गडद त्वचेतलं मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं. त्यामुळे परत येणारा सिग्नल क्षीण असतो आणि वर सांगितलेली बसणीची काळजी अशा वेळी दुप्पट घ्यावी लागते.

आणि वजनं किंवा सायकल असेल तर मनगटाचा नाद सोडा. मूठ आवळली की सेन्सरच्या खालचेच स्नायू-कंडरा हलतात. दंडावर बांधायचा ऑप्टिकल सेन्सर किंवा छातीचा पट्टा, हेच उपाय.

चौथी पायरी: सेटिंग

व्यायाम "सुरू" केलाय ना, हे बघा. पुष्कळ घड्याळं एरवी बॅटरी वाचवायला मधून मधूनच ठोके घेतात. तसंच धावताना "सायकल" निवडलेलं नको.

सतत लाल झोनची तक्रार इथेच सुटते. झोन हे तुमच्या कमाल हार्ट रेटवरून काढलेले असतात आणि तो बहुधा वयावरून धरलेला अंदाज असतो. जुनं सूत्र २२० वजा वय. दुसरं, २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्ही १८० देतात, साठीत पहिलं १६० आणि दुसरं १६६. पण सूत्र कोणतंही घ्या, एकेका माणसाचा खरा आकडा त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं. म्हणजे घड्याळ बरोबर मोजतंय, फक्त मापपट्टी तुमची नाही. आधी घड्याळात जन्मसाल बरोबर भरलंय का बघा, मग झोन हाताने बदला. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर ठोके औषधानेच कमी राहतात. तिथे सूत्र लागूच पडत नाही, झोन डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाचवी पायरी: छातीचा पट्टा

पट्टा उजेडावर चालत नाही, तो हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो. विलेम आइंटहोवन यांनी ज्याचा आलेख काढून दाखवला आणि ज्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं, तोच ईसीजीचा सिग्नल. छातीच्या त्वचेवर त्याची ताकद साधारण एका मिलिव्होल्टच्या आसपास. कोरडी त्वचा ही विजेला मोठा अडथळा, त्यात सिंथेटिक टी-शर्ट घासून स्थिर वीज तयार होते. पहिल्या दहा मिनिटांतल्या उड्या त्यातूनच येतात. घाम खारट, वीज वाहून नेणारा, म्हणून नंतर सगळं सुरळीत होतं. तेव्हा घामाची वाट बघत बसू नका. घालण्याआधी पट्ट्याच्या आतले पॅड पाण्याने चांगले ओले करा. नुसता शिंतोडा नको, पॅड भिजले पाहिजेत. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, मधोमध, आणि दीर्घ श्वास घेतला तरी सरकणार नाही इतका घट्ट.

रोज वापर झाला की साध्या पाण्याखाली धरा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. कपडे मऊ करणारं द्रावण आणि ब्लीच वर्ज्य. पहिल्याने पॅडवर थर बसतो, दुसऱ्याने ते खराब होतात.

पट्टा धुतल्यावर मधली सेन्सरची डबी काढून ठेवायची सवय लावून घ्या. ओल्या पट्ट्यावर डबी तशीच राहिली तर तिला वाटतं, पट्टा अजून छातीवरच आहे. ती रात्रभर जागी राहते आणि सेल संपतो. "महिन्यातच सेल गेला" म्हणणाऱ्यांच्या बाबतीत मला बहुतेक वेळा हेच सापडलंय.

मग सेल. डबीवर लिहिलेला नंबर बघूनच घ्या: सीआर २०३२ चा अर्थ २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, सीआर २०२५ त्याहून पातळ. एकाच्या जागी दुसरा बसल्यासारखा वाटतो, पण संपर्क सुटतो. मल्टिमीटरने मोजून "३ व्होल्ट आहे की" म्हणू नका. थकलेला सेल नुसता मोजला तर व्होल्टेज दाखवतो, काम करायला लावलं की बसतो. नवा घाला, झाकणाखालची रबरी रिंग नीट बसवा. जुना सेल लगेच लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गिळलेला बटण-सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल.

आकडा चुकत नसून तुटत असेल तर दोष संपर्काचा नाही, रेडिओचा. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. पट्टा पुढे आणि फोन मागच्या खिशात असेल तर मधे तुमचं अख्खं धड येतं. फोन पुढे आणा. पोहताना तर पाण्याखाली हा सिग्नल जेमतेम काही सेंटिमीटर जातो. आणि घरातल्या दुसऱ्या फोनने किंवा टॅबने पट्टा आधीच पकडून ठेवलाय का, तेही पाहा.

हे सगळं करूनही सुटलं नाही तर अदलाबदल करा. मित्राचा पट्टा, तुमची डबी. मग तुमचा पट्टा, त्याची डबी. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर बिघाड कुठे होता ते कळणार नाही. पॅडला भेगा पडलेल्या असतील तर पट्टा संपला, नवा घ्या. डबी शक्यतो टिकते. घड्याळ रीस्टार्ट, अपडेट, आणि अगदी शेवटी फॅक्टरी रीसेट, तोही डेटा दुसरीकडे साठवल्यावरच.

झोपेचे आकडे

इथे दुरुस्त करण्यासारखं थोडंच असतं. रात्री घड्याळाचा पट्टा एक खाच सैल, काच स्वच्छ, झोपण्याआधी पुरेसं चार्जिंग. ऑक्सिजन एकाच वेळी खोल घसरून परत आला असेल तर तुम्ही त्या हातावर झोपला होतात का, ते आठवा. दाबाने मनगटातला रक्ताचा ओघ कमी होतो. दोन-तीन रात्री दुसऱ्या हातात घालून बघा.

जागेपणी निश्चल पडून राहिलात तर घड्याळ त्याला झोपच समजणार. त्याला हालचाल आणि ठोके एवढंच दिसतं. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्यावर मेंदूच्या लहरींचे, डोळ्यांजवळ, हनुवटीवर असे इलेक्ट्रोड लावतात आणि दर ३० सेकंदांच्या तुकड्याला एकेक टप्पा देतात. आरईएम, म्हणजे बंद डोळे भराभर हलतात ती झोप, १९५३ मध्ये अ‍ॅझरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली ती झोपलेल्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपून. तुमचं घड्याळ डोळे बघत नाही. त्यामुळे "गाढ झोप २२ मिनिटं" या आकड्यापायी कुणी झोप उडवून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, दिवसा पेंग येते का, हे कागदावर लिहा. त्याचा उपयोग जास्त.

रात्रीचे ठोके एरवीपेक्षा आठ-दहाने वर असतील आणि अंगात कसर असेल, किंवा आदल्या संध्याकाळी दारू झाली असेल, तर तो बिघाड नाही. शरीर खरंच तसं वागतंय.

इथे थांबा

यंत्राबाबत: घड्याळाची पाठ उचकटलेली दिसली, बॅटरी फुगली, चार्जिंगला हात लावावा तर चटका बसतो, किंवा सेन्सरखालची त्वचा भाजल्यासारखी झाली, तर ते बंद करा. पुन्हा चार्जिंगला लावू नका, टोचू-उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. घड्याळ उघडून पाहण्याच्या भानगडीत मीही पडत नाही. एकदा सील सुटलं की पाणी आत जातंच.

शरीराबाबत: छातीवर दाब किंवा वेदना, ती हाताकडे वा जबड्याकडे जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप. असं काही झालं तर आकडा बघूच नका. व्यायाम थांबवा, जवळच्या माणसाला सांगा, रुग्णवाहिका बोलवा. घड्याळ ७२ दाखवत असलं तरीही.

घाई नाही, पण डॉक्टरांकडे जायलाच हवं अशा गोष्टी: शांत बसलेले असताना हाताने मोजलेले ठोके वारंवार १०० च्या वर. बोटांखाली लय अनियमित, कधी लवकर कधी उशिरा. काकांसारखी एकाएकी चढणारी आणि एकाएकी उतरणारी गती. ठोके खूप कमी आणि सोबत चक्कर किंवा थकवा. नियमित धावणाऱ्यांचे ठोके विश्रांतीत पन्नाशीच्या खाली असणं नवलाचं नाही, पण चक्कर त्यात बसत नाही. आणि मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलेलं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, ही झोपतज्ज्ञांची बाब आहे. घड्याळाचा ऑक्सिजन चांगला दिसतोय म्हणून ती टाळू नका.

जाताना एक कागद न्या. तारीख, वेळ, काय करत होतात, घड्याळाचा आकडा, हाताने मोजलेला आकडा, किती मिनिटं टिकलं, अंगाला काय जाणवलं. ग्राफचा स्क्रीनशॉटही ठेवा. दवाखान्यात बसल्यावर लय बहुतेक वेळा सुरळीत असते, तिथला ईसीजी चांगला येतो आणि माणूस गप्प घरी येतो. म्हणूनच सतत ईसीजी नोंदवणारं होल्टर नावाचं यंत्र एक-दोन दिवस किंवा जास्त अंगावर बांधायला देतात. किती दिवसांचं द्यायचं हे ठरवताना, त्रास आठवड्यातून किती वेळा होतो हा प्रश्न हमखास येतो. काकांच्या कागदावर चार नोंदी होत्या, त्यातल्या तीन रविवारच्या लांब पल्ल्याच्या होत्या. डॉक्टरांनी यंत्र शनिवारी बांधलं.